मोरपंखीवरचा मावा

माझ्या धाकट्या भावाची बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली आणि पुढचा दीड महिना परत आली नाही. गावात सगळे म्हणत होते, बापाच्याच हातानं पोरगी जाता जाता राहिली, बाईनं बरोबर केलं. चूक त्याची नव्हती, माझी होती. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते एक वाक्य मी बोलत नव्हते.

मुलगी वाचली, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावून लिहिणं मला जमत नाही आणि आवडतही नाही.

मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या अभ्यासाचा विषय मावा, म्हणजे झाडाचा रस पिणारे ते बारीक मऊ किडे. त्यातही मोरपंखी, ज्युनिपर, सरू असल्या झाडांवरचा मावा. लोकांना याचं हसू येतं, कारण आमच्या बीड जिल्ह्यात ही झाडं आहेतच किती? मोरपंखी शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारात, ज्युनिपर रोपवाटिकेच्या कुंड्यांमध्ये, सरू कुठल्यातरी जुन्या बंगल्यासमोर दोन-चार. माझे यजमान पाहुण्यांना सांगायचे, आमच्या मॅडमना माव्याचा नाद आहे, पण टपरीवरच्या नव्हे. पाहुणे हसायचे. मीही त्या एकाच विनोदाला पंचवीस वर्षं हसले.

ओळख पटवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि मला ते तसंच आवडायचं. आधी झाड ओळखायचं. मग किडा झाडाच्या कुठल्या भागावर बसलाय ते बघायचं: कोवळ्या शेंड्यावर, पानाखाली, की सालीच्या फटीत. मग त्याला अल्कोहोलमध्ये घालायचं, नंतर पोटॅशच्या द्रावणात मंद गरम करायचं, म्हणजे आतलं सगळं विरघळून नुसतं पारदर्शक कवच उरतं. ते काचपट्टीवर पसरायचं आणि मोजायला बसायचं. सोंडेची शेवटची कांडी केवढी, मागच्या पायावर केस कसे, पाठीवर मागच्या बाजूला जी दोन नळकांडी असतात ती लांब की आखूड. जर्नलमध्ये एखाद्या पोरानं नुसतं ‘मावा’ असं लिहिलं की मी लाल शाईनं विचारायची, कोणता? कुठल्या झाडावरचा? कुणी पाहिला? मी याबाबत खडूस आहे अशी कॉलेजात ख्याती आहे. ती खरी आहे.

गेल्या श्रावणात माझे यजमान गेले. सकाळचा चहा झाला होता, पेपर वाचून झाला होता. अंघोळीला जायला उठले, पुन्हा खुर्चीत बसले आणि बसलेच. दवाखान्यात नेलं ते नुसतं कागद करण्यासाठी. मी रडले नाही. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. डब्यातल्या भाजीत मीठ नाही हे स्टाफरूममध्ये दुसऱ्या बाईनं चाखल्यावर कळायचं. इस्त्रीवाला महिनाभर विचारत राहिला, सरांचे शर्ट नाहीत का, आणि मी ‘आज नाहीत’ म्हणत राहिले. तास घेत होते, पेपर तपासत होते, त्यात एकही चूक होत नव्हती. फक्त मायक्रोस्कोपवर जे कापड घातलं ते काढलं नाही. गावाकडं गेले नाही. कुणाकडंच गेले नाही.

भाऊ लिंबागणेशच्या पुढं, आमच्या मूळ गावी शेती करतो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत न्यायची, कारण माय कामावर जायची आणि घरी सांभाळायला कुणी नव्हतं. यजमान गेल्यापासून तो दर रविवारी फोन करायला लागला. जयभीम आक्का, जेवलीस का. जेवले. मग दोघंही गप्प. तो पाऊस सांगायचा, कापूस सांगायचा, आणि मी हं हं करायची. त्याला फोनवर बोलता येत नाही आणि मला तेव्हा कुठंच बोलता येत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं मुलीला माझ्याकडं सोबतीला पाठवलं. ती नऊ वर्षांची, चौथीत. भावजयीनं डबाभर शेंगदाण्याचे लाडू दिले होते आणि आत्याला एकटं सोडायचं नाही अशी ताकीद दिली होती. पोरगी ती ताकीद इतकी पाळायची की मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर उभी असायची. एका दुपारी मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. तिनं विचारलं, आत्या, तुला एवढं समदं पाठ कसं राहतंय?

खरं उत्तर द्यायचं तर उठून बसावं लागलं असतं. मी पडल्या पडल्याच सांगितलं, तुमच्या शाळेतल्या मोरपंखीची काडी वहीत ठेवली की विद्या येते हे तर तुला माहीत आहेच. पण पेपराच्या दिवशी ती जिभेखाली धरायची. गणिताला जरा जास्त. आणि कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की उतरते.

हे मी मनानं रचलं नव्हतं. आमच्या वर्गातल्या मुली असंच करायच्या, आणि सातवीपर्यंत मीही करत होते. घरात त्याचा पत्ता लागू दिला नाही. आजोबांनी छप्पन साली देव घराबाहेर काढले होते, आणि वडील असल्या समजुतींवर असे तुटून पडायचे की आम्ही भावंडं त्यांच्यासमोर शिंकायलाही भ्यायचो. त्या घरातली मी, शास्त्र शिकवून पोट भरणारी. आणि मी लेकराला हे सांगितलं, कारण मला बोलायचा कंटाळा आला होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भावाचा फोन आला. जेवणाचं विचारून झालं. तो शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होता. म्हणाला, “आक्का, शाळंतल्या मोरपंख्यावर मावा पडलाय लई. खाली समदा चिकटा हाय, फरशी काळी पडलीया. काय मारावं?”

मी त्याला वीस प्रश्न विचारायला हवे होते. कुठल्या फांद्यांवर, शेंड्याला की बुडाशी, रंग कसा, सोबत दुसरे किडे आहेत का. त्याच्या जागी एखादा विद्यार्थी असता तर त्याला नमुना आणायला लावला असता. मी म्हणाले, “मावा म्हणजे मावा. कापसावर मारतोस तेच मार.”

तो जरा थांबला. अजून काही विचारेल असं वाटलं. मग बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानं त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर पाठीवर पंप घेऊन फवारा मारला. रविवारची शाळा रिकामी होती. दोन्ही झाडांना लाल चिंध्या बांधल्या. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सरांनी पोरांना बजावलं की तीन दिवस कुणी झाडाला हात लावायचा नाही. जे करायला हवं ते त्यानं सगळं केलं होतं. मंगळवारी चौथीचा गणिताचा पेपर होता. माझ्या भाचीनं चार काड्या तोडल्या आणि पेपर संपेपर्यंत चघळत बसली.

तिला आधी बीडला नेलं, आणि तिथून आमच्या अंबाजोगाईला. मी पोचले तेव्हा ती स्ट्रेचरवर होती. तोंडाला फेस, अंग घामानं ओलं, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर विचारत होते, औषध कोणतं होतं? भावाला डब्याच्या झाकणाचा रंग तेवढा आठवत होता. मी औषधाचं नाव सांगितलं. त्याचा गट सांगितला, बीडच्या डॉक्टरांनी काय दिलं असेल ते सांगितलं. मला हे कसं माहीत, असं कुणी विचारलं नाही. शिकलेली बाई आहे, माहीत असणारच.

मग डॉक्टरांनी विचारलं की लेकरांच्या शाळेत असलं जहाल औषध मारायला कुणी सांगितलं. भावानं हात जोडले. म्हणाला, “माझ्याच हातानं झालं साहेब. मलाच अक्कल न्हवती.” त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. भावजय भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, तिनं त्याच्याकडं बघितलं. मी चहाचा थर्मास धरून उभी होते. मी सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. मला भीती वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण भीतीही वाटली नाही. तोंड उघडलं नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली. पेज प्यायली. नर्सनं लाडानं विचारलं, काय गं, झाडाचा पाला कशाला खाल्लास, शेळी आहेस का? पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पुन्हा विचारलं तरी तेच. भावजयीनं विचारलं, भावानं विचारलं, ती काही बोलली नाही. सांगितलं की उतरते, हे मीच तिला सांगितलं होतं. सलाईन लावलेल्या हातानं ती ते पाळत होती. तेव्हाही मी गप्प राहिले.

पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. भावजयीचे भाऊ चकलांब्याहून जीप घेऊन आले. ती मुलीला घेऊन मागच्या सीटवर बसली. भाऊ मुलीला शाल द्यायला पुढं गेला, तर ती त्याला एवढंच म्हणाली, “तुमी पोरीला हात लावू नका.” सगळ्यांसमोर म्हणाली. त्यानं शाल माझ्या हातात दिली, मी ती मुलीच्या अंगावर टाकली, आणि जीप गेली. तो एसटीनं एकटा गावी गेला.

रविवारचे फोन चालूच राहिले. जेवलीस का आक्का. आता मीही विचारायची, तू जेवलास का? तो म्हणायचा, टाकलंय वरण. मुलीचा विषय तो काढत नव्हता, मीही काढत नव्हते. भावजयीनं त्याच्याशी फोनवर बोलणंही बंद केलं होतं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्याला समितीतून काढलं तेही दुसऱ्यांकडूनच कळलं. मी ऐकून घेत होते आणि तास घेत होते.

मुलीचं दप्तर दवाखान्याच्या गडबडीत माझ्याकडं राहिलं होतं. मार्चमध्ये एका दुपारी ते पोचवायचं म्हणून आवरायला घेतलं. गणिताच्या वहीत मोरपंखीच्या काड्या होत्या, पानापानांत दाबून ठेवलेल्या, वाळून करड्या झालेल्या. फवाऱ्याच्या आधीच्या. एका जाडसर काडीच्या बेचक्यात तपकिरी दाणे चिकटले होते. मी भिंग लावलं. मावा होता. सपाट झालेला, वाळलेला, पण पाय शाबूत. मग मी मायक्रोस्कोपवरचं कापड काढलं.

मला उमेद आली वगैरे काही नाही. हात नुसते चालायला लागले. वाळलेला किडा पुन्हा फुगवायला वेळ लागतो, घाई केली की चिंध्या होतात. पहिले दोन वाया गेले. तिसरा नीट पसरला. तुलनेसाठी कॉलेजच्या फाटकाजवळच्या मोरपंखीवरून जिवंत नमुने आणले. मार्चअखेर होती, ऊन वाढलं होतं, तरी खालच्या फांद्यांच्या सालीत थोडे उरले होते.

कापसावरचा मावा नव्हता, हे तर नुसत्या डोळ्यांनाही कळलं असतं. कापसावरचा अगदी बारीक, पिवळट-हिरवट, पानाच्या खालच्या बाजूला बसणारा, आणि त्याची ती दोन नळकांडी लांब, स्पष्ट. हा त्याच्या दुपटीहून मोठा, तपकिरी, लांब पायांचा, जून काडीच्या सालीला सोंड लावून बसणारा. नळकांड्यांच्या जागी दोन काळे बुटके उंचवटे, केसाळ. म्हणजे सिनारा, असल्या झाडांवरच्या मोठ्या माव्यांचा गट. इथपर्यंत माझा दुसऱ्या वर्षाचा पोरगाही आला असता. पुढं खरी कटकट. सरूवर एक सिनारा असतो, तो मोरपंखीवरही येतो, ज्युनिपरवरही येतो. ज्युनिपरचे स्वतःचे वेगळे आहेत. मोरपंखीचा वेगळा आहे. जिवंतपणी पाठीवरचे पट्टे बघून बरंच कळतं, पण वहीत दाबलेल्याच्या पाठीवर काय राहणार? पायांचे केस आणि सोंडेची कांडी, एवढ्यावरच काढायचं होतं.

मी तीन आठवडे मोजत होते. दुसरं कुणी एका आठवड्यात केलं असतं. नाव पक्कं झालं की जाईन, असं मी स्वतःला सांगत होते. नाव न घेता भावासमोर कशी उभी राहू, अर्धवट माहिती घेऊन भावजयीला काय सांगू. हे सगळं पळणं होतं, आणि ते मला मोजता मोजताही कळत होतं.

शेवटी तो मोरपंखीचाच निघाला. सिनारा तुजाफिलिना. याची एक सवय आहे. थंडीत तो फांद्यांवर वाढतो, आणि ऊन तापलं की आपण होऊन खाली उतरून मुळांशी जातो. चिकटा आणि काळी बुरशी मार्च-एप्रिलपर्यंत आपोआप कमी होते. वाढलेलं झाड हे वर्षानुवर्षं सोसतं. फारच झालं तर पाण्याच्या पाइपानं जोरात धुवायचं. वहीतल्या त्याच काडीवर मला ढालकिड्याची एक अळी सापडली, मावा खाऊन टम्म झालेली. म्हणजे झाडावर त्याला खाणारेही आले होते. कुणाला काही करायची गरजच नव्हती. फरशी काळी झाली असती, पोरांच्या चपला चिकटल्या असत्या, आणि महिन्याभरात सगळं मिटलं असतं.

हे कळल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. वाईट वाटावं म्हणून वाट बघितली. वाटलं नाही. नुसतं कळलं.

मग लेबल करायला घेतलं. काचपट्टीच्या दोन टोकांना दोन चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात. एकीवर किड्याचं नाव आणि ओळखणाऱ्याचं नाव. दुसरीवर झाड, गाव, तारीख आणि नमुना गोळा करणाऱ्याचं नाव. या चिठ्ठीत खोटं लिहायचं नाही. एकदा एका पोरानं मित्राचा नमुना स्वतःच्या नावावर लावला होता, त्याला मी वर्गाबाहेर काढला होता. सगळ्यांसमोर म्हणाले होते की ज्याला चिठ्ठी खरी लिहिता येत नाही त्यानं शास्त्राच्या नादी लागू नये. तो पोरगा रडला होता आणि मला त्याची अजिबात दया आली नव्हती.

मी झाड लिहिलं, गाव लिहिलं. गोळा करणारी म्हणून भाचीचं नाव लिहिलं. ओळखणारी म्हणून माझं लिहायचं होतं. पेन टेकवलं आणि थांबले. कारण हे नाव मी एप्रिलमध्ये सांगत होते. फेब्रुवारीत कुणी मला विचारलं होतं तेव्हा मी न बघता दुसरंच सांगितलं होतं, आणि त्याबद्दल दुसराच माणूस वर्गाबाहेर उभा होता. मी चिठ्ठी तशीच ठेवली, दप्तर उचललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चकलांब्याला निघाले. बीड, गेवराई, तिथून पुढं जीप. पोचेपर्यंत दुपार झाली.

भावजय ओसरीत ज्वारी पाखडत होती. तिच्या आईनं पाणी दिलं, चहाचं विचारलं. मी बसले नाही. बसले असते तर दप्तर द्यायला आले म्हणाले असते आणि चहा पिऊन परत गेले असते. उभ्यानंच सांगितलं. त्यानं मला फोन केला होता. मी न बघता सांगितलं, कापसावरचं मार. त्यानं माझा शब्द ऐकला. आणि काडी जिभेखाली धरायचं पोरीला मी शिकवलं, दिवाळीत, आणि कुणाला सांगू नको असंही मीच सांगितलं. म्हणून तिनं तोंड उघडलं नाही. दवाखान्यात मी तिथंच उभी होते आणि बोलले नाही.

सूप थांबलं. भावजयीनं ते बाजूला ठेवलं. तिची आई आत निघून गेली.

“दवाखान्यात कावून न्हाई बोललात?” भावजयीनं विचारलं.

मी म्हणाले, तोंड उघडलं नाही.

“त्या मानसाला मी काय काय बोलले,” ती म्हणाली. “तुमी ऐकत हुत्या.”

मी हो म्हणाले. यजमान गेले त्याचं कारण पुढं करावं असं एकदा मनात आलं, ते मी गिळलं. ती उठली, पदर झटकला, दप्तर माझ्या हातातून घेतलं. शांतपणे म्हणाली, “पोरगी आता तुमच्याकडं यायची न्हाई, आक्का.” मी म्हणाले, बरोबर आहे. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

पोरगी गल्लीत खेळत होती, ती पळत आली. चेहरा भरला होता. आईच्या परवानगीनं मी तिला समोर उभी करून सांगितलं की ते काडीचं खोटं होतं, आत्या खोटं बोलली, झाडाच्या पाल्यानं काही येत नाही, अभ्यासानं येतं. तिनं संशयानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, “मग दिवाळीनंतरच्या चाचणीला मला पैकीच्या पैकी कसे पडले?”

मी म्हणाले, तुझे तुलाच पडले. तिला ते फारसं पटलं नाही. आता आईला सांगितलं तरी चालेल का, असं तिनं हळूच विचारलं. मी म्हणाले, मीच सांगितलंय. तिनं मोठा श्वास सोडला आणि परत खेळायला पळाली. एवढं ओझं मी नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर दीड महिना ठेवलं होतं आणि काचपट्ट्या मोजत बसले होते.

चार दिवसांनी भावजय मुलीला घेऊन गावी परत गेली. मला कुणी कळवलं नाही, आणि कळवायचं कारणही नव्हतं. मग रविवार आला. फोन येणार नाही असं मी धरून चालले होते. दुपारी आला.

यावेळी त्यानं जेवणाचं विचारलं नाही. म्हणाला, कावून सांगितलंस? मी म्हणाले, खरं होतं म्हणून. तो म्हणाला, मी तुझं नाव कुणाला घेतलं नव्हतं, डॉक्टरला न्हाई, हिला न्हाई, सरपंचाला न्हाई. आपण दोघं मिळून झाकलं असतं. मी म्हणाले, तुझं घर मोडलं असतं. तो म्हणाला, आलीच असती ती कधीतरी. मागं भांड्यांचा आवाज येत होता, पोरगी मोठ्यानं पाढे म्हणत होती. ते आवाज ऐकायला बरे वाटले.

मला एक गोष्ट त्याला सांगायचीच होती, तीन आठवडे त्यातच गेले होते. मी सांगायला सुरुवात केली की तो कापसावरचा मावा नव्हताच, तो मोरपंखीचा वेगळा असतो, ऊन पडलं की आपोआप मुळाशी जातो, त्याला काही मारायचं नसतं. तो मध्येच म्हणाला, “मला म्हाईत हाय.”

मी विचारलं, काय माहीत आहे?

“मावा उन्हाळ्यात जातोय, ते. दर साली पडतोय त्या झाडावर, दर साली जातोय. मी ल्हानपणापासून बघतोय की. पाणी मारलं की भागतंय.”

मग मला कशाला विचारलंस, असं मी म्हणाले. आवाज चढला असावा, कारण त्याचा एकदम खाली गेला.

“तू बघाया येशील म्हून इचारलतं,” तो म्हणाला. “तुजा इषय हाय तो. म्हनलं, मावा म्हनल्यावर आक्का बसायची न्हाई घरात. गाडी धरून येईल. दोन दिस राहील.”

मग औषध का मारलंस, हे मी कसंबसं विचारलं.

“तू सांगितलंस म्हून. सात म्हैन्यात तू मला पयल्यांदा कायतरी कर म्हनलीस. मला न्हाई कसं म्हनावं कळंना.”

मी फोन कानाशी धरून भिंतीला टेकले. मला वाईट वाटत होतं. किती महिन्यांनी आपल्याला नेमकं काय होतंय हे मला कळत होतं. भावाचं वाईट वाटत होतं, पोरीचं वाटत होतं, आणि श्रावणात खुर्चीत बसलेल्या माझ्या माणसाचंही तेव्हाच वाटायला लागलं. मी रडत होते हे त्याला ऐकू येत होतं. त्यानं फोन ठेवला नाही आणि गप्प हो असंही म्हणाला नाही.

बऱ्याच वेळानं मी म्हणाले, मी येते. उद्याच येते, झाडं बघायला.

“आता काय बघतीस आक्का,” तो म्हणाला. “झाडं तोडली. मीच तोडली, समद्यानी सांगितलं म्हून.”

मी म्हणाले, तरी येते.

तो आत बायकोला काहीतरी म्हणाला, ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मग तो परत फोनवर आला आणि म्हणाला, सकाळच्या गाडीनं ये, दुपारचं ऊन लई हाय.